ही खोली कोणाची?

लंडनमध्ये खोलीचं भाडं आठवड्याचं सांगतात. जाहिरातीत 'दोनशे पौंड' दिसलं की आपल्याकडचा माणूस चारने गुणतो आणि महिन्याला आठशे धरून मोकळा होतो. पण महिना काही चार आठवड्यांचा नसतो. वर्षाचे बावन्न आठवडे धरले तर दहा हजार चारशे पौंड होतात. त्याला बाराने भागलं की महिन्याला आठशे सदुसष्ट. हे वरचे सदुसष्ट पौंड म्हणजे २०२३ च्या भावाने सात हजार रुपयांच्या आतबाहेर. आमच्या यवतमाळकडच्या राळेगावात एवढ्या पैशात दोन खोल्या आणि पुढचं अंगण मिळतं, वरून घरमालकीण सणाला पुरणपोळी पाठवते ती वेगळी.

मी कापसाचा माणूस. कापूस फेडरेशनमध्ये ग्रेडर होतो. एकाधिकार खरेदीच्या काळात आलेल्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून कापूस पाहायचा आणि प्रत ठरवायची, यातच नोकरी गेली. थोरली मुलगी २०२३ च्या सप्टेंबरात राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर लंडनला एमए करायला गेली. त्याच हिवाळ्यात पुतण्या इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला म्युनिकला गेला. तेव्हापासून तालुक्यातलं कोणी ना कोणी घरी येऊन बसतं. कॉलेज कोणतं, विषय कोणता हे पोरांनी ठरवलेलंच असतं. बापाचा प्रश्न एकच असतो, "भाऊ, पोरगी राहीन कुठं?"

प्रश्न बरोबर आहे. शिष्यवृत्तीत फी सरकार भरतं, विमानाचं तिकीट देतं आणि ब्रिटनमध्ये राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला ९,९०० पौंड देतं. म्हणजे महिन्याला ८२५. त्या वर्षी लंडनमधल्या विद्यार्थ्याच्या महिन्याच्या खर्चाचा खुद्द ब्रिटिश व्हिसा खात्याचा आकडा १,३३४ पौंड होता. २०२५ च्या नोव्हेंबरपासून तो १,५२९ झाला. आता वरच्या दोनशेवाल्या खोलीचा हिशेब इथं लावा. नुसतं भाडं भरलं तरी ४२ पौंड कमी पडतात. जेवण, बस, पुस्तकं अजून धरलेलीच नाहीत. आठवड्याला वीस तास काम करायची परवानगी असते आणि पोरं ते करतातही. पण एमएचं वर्ष एकच असतं. त्यातला किती वेळ कॉफी शॉपमध्ये कप विसळण्यात घालवायचा, याला मर्यादा आहे.

मुलीचं कॉलेज ब्लूम्सबरीत, शहराच्या अगदी पोटात. आसपासच्या खासगी होस्टेलांचे दर पाहून तिने तो नाद सोडला आणि पूर्वेला ईस्ट हॅममध्ये खोली धरली. एकाला एक चिकटून उभी असलेली दुमजली घरं, खालच्या रस्त्यावर इडली-डोशाची हॉटेलं आणि मेथीची जुडी विकणारी दुकानं. घरात सहा जणी. एका खोलीत दोघी, प्रत्येकी ४१० पौंड, वीज-पाणी-इंटरनेट त्यातच. न्हाणीघर एक. सकाळी सहा ते आठ कोणी कधी जायचं याचा कागद दारावर चिकटवलेला. तिच्या आईला फोनवर हे ऐकून कसंतरी झालं. मला काही वाटलं नाही. मी यवतमाळला समाजकल्याणच्या वसतिगृहात शिकलो, तिथं रांग याहून मोठी होती.

जागा लांब असली तरी वाहन सोयीचं होतं. ईस्ट हॅमहून हॅमरस्मिथ अँड सिटी मार्गाची मेट्रो मधे न बदलता युस्टन स्क्वेअरला आणून सोडते. पुढे कॉलेजपर्यंत पायी. विद्यार्थ्याच्या ऑयस्टर कार्डावर आठवड्याच्या किंवा महिन्याच्या पासला तीस टक्के सूट मिळते. तिथं भाडं पाहताना पासाचे पैसे त्यातच मिळवून पाहायचे. मध्यावरची महाग खोली आणि कडेची स्वस्त खोली यांतलं अंतर पास धरला की बरंच कमी होतं. कधी कधी तर कडेची खोलीच महाग पडते, कारण दोन गाड्या बदलाव्या लागतात आणि रात्री उशिरा बसशिवाय काही नसतं.

कायद्याच्या चार गोष्टी तिला आधीच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी सांगितल्या, त्या खरोखर उपयोगी पडल्या. इंग्लंडमध्ये २०१९ पासून नेहमीच्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. मालकाने ते तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित केलं पाहिजे. वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा जास्त लोक एका घरात राहत असतील तर मालकाला नगरपालिकेचा परवाना लागतो. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स माफ होतो. मात्र एक जरी नोकरीवाला राहायला आला की घराला बिल येतं आणि मग कोणी किती भरायचं यावरून भांडण जुंपतं. ब्रिटनमधला जामीनदार नसला तर मालक सहा सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे. काही विद्यापीठं अशा वेळी स्वतः जामीन राहतात. ते आधी विद्यापीठालाच विचारून घ्यावं.

फसवणुकीचंही इथंच सांगतो, कारण येणाऱ्यांपैकी प्रत्येकाला ती भीती असते. पद्धत ठरलेली आहे. फोटो सुंदर, भाडं बाजारापेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, मालक म्हणे सध्या परदेशी, किल्ली कुरिअरने पाठवतो, आधी दोन महिन्यांचे पैसे टाका. यार्डात गाडीच्या वरच्या थरात पांढराशुभ्र कापूस आणि खाली पाणी मारलेला, असा माल मी जन्मभर पाहिला. खोलीच्या जाहिरातीलाही आत हात घातल्याशिवाय प्रत देऊ नये. म्हणजे तिथं असलेल्या कोणाला तरी प्रत्यक्ष पाठवावं. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आपल्या जिल्ह्याची पोरं प्रत्येक विद्यापीठात सापडतात. कोणीच नसेल तर निदान व्हिडिओ कॉलवर नळ सोडून दाखवायला सांगावं आणि खिडकीतून खालचा रस्ता. मालक टाळाटाळ करू लागला की ओळखायचं.

हा झाला बाजारातला शोध. पण दोन्ही पोरांचं पाहून माझं मत असं झालंय की महागड्या शहरात स्वस्त खोली बाजारात नसतेच. बाजारात असते ती महाग खोली चौघांत वाटलेली. स्वस्त खोली ज्याला नफा कमवायचा नाही अशा कोणाच्या तरी ताब्यात असते. कुठं ती विद्यार्थी संस्थेकडे असते, कुठं चर्चकडे, कुठं नगरपालिकेकडे किंवा पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या सावकाराच्या ट्रस्टकडे. म्हणून मी पालकांना सांगतो, भाडं किती हे मागून विचारा. ही खोली कोणाची, ते आधी.

लंडनमध्ये आपल्या लोकांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. हिंदुस्थानी विद्यार्थ्याला खोली द्यायला घरमालकिणी कुरकुरत, म्हणून श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये हायगेटला इंडिया हाऊस काढलं. पुढं सावरकर तिथंच राहिले. त्याचं राजकारण सर्वांना माहीत असतं. मुळात ते वसतिगृह होतं, हे मात्र विसरायला होतं. १९२० मध्ये के. टी. पॉल यांनी इंडियन वायएमसीएचं विद्यार्थी होस्टेल सुरू केलं. गॉवर स्ट्रीटवरची त्याची इमारत दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात गेली. फिट्झरॉय स्क्वेअरला नवी उभी राहिली, ती १९५३ पासून चालू आहे. आम्ही दोघं नवरा-बायको २०२४ च्या जूनमध्ये मुलीकडे गेलो तेव्हा तिथंच उतरलो. लहान खोली, पलंग, टेबल, सकाळी नाश्ता आणि संध्याकाळी खालच्या खानावळीत वरण-भात. जेवणाच्या टेबलावर केरळचा एक पीएचडीचा मुलगा, कोल्हापूरचे डॉक्टर दांपत्य आणि एक जपानी बाई, ती मिरचीचं लोणचं मागून घेत होती. युस्टन स्क्वेअर स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर. मुलगी कॉलेज सुटलं की सरळ तिथं यायची.

किंग हेन्रीज रोडला जाणार हे तर घरून निघतानाच ठरलेलं. चॉक फार्म स्टेशनवर उतरून चालत गेलो. दहा नंबरचं घर, बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथं राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते तीस लाख पौंडांहून जास्त देऊन विकत घेतलं. पुढं स्मारकाच्या परवानगीवरून स्थानिक कौन्सिलशी वाद झाला, सुनावणी झाली आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. आत त्यांची खोली लावून ठेवलीय, पलंग आहे, पुस्तकं आहेत. आमच्या घरची मंडळी पलंगाजवळ बराच वेळ उभी होती. मी त्या खोलीची लांबी-रुंदी पावलांनी मोजत होतो. सवय जात नाही.

तिथं बाबासाहेब मालक नव्हते, भाडेकरूही धड नव्हते. मालकिणीच्या घरातल्या एका खोलीत राहणारे विद्यार्थी होते. चरित्रकारांनी लिहिलंय, मालकिणीकडची सकाळची न्याहारी म्हणजे पावाचा तुकडा आणि कपभर पेय. रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे. दुसऱ्यांदा लंडनला जाताना सिडनहॅम कॉलेजच्या नोकरीतली शिल्लक, नवल भथेना या मित्राने दिलेले पाच हजार आणि शाहू महाराजांचे दीड हजार, एवढी पुंजी. त्यात रुपयाचा भाव पडला. १९२१ मध्ये त्यांनी महाराजांना दोनशे पौंड कर्जाऊ मागणारं पत्र लिहिलं. आणि हा माणूस त्या काळात अभ्यास कशाचा करत होता? रुपयाच्या प्रश्नाचा. पौंड-रुपयाचा विनिमय काय चीज आहे हे जगात कोणाला पोटातून कळलं असेल तर ते त्या खोलीतल्या माणसाला. आज आमच्या पोरी फोनवर रोज पौंडाचा भाव पाहतात, म्हणून हे सांगितलं.

देशात परतल्यावर त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह सुरू केलं. ज्यांच्या नावाची शिष्यवृत्ती माझ्या मुलीला मिळाली त्या शाहू महाराजांनी कोल्हापूरला १९०१ मध्येच मराठा बोर्डिंग काढलेलं. पुढं तिथं जातीजातींची बोर्डिंगं झाली. आमच्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुख विलायतेत शिकून आले आणि अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं. यांतले जे स्वतः परक्या गावी खोली शोधत हिंडले, त्यांनी आल्यावर शाळेच्या आधी किंवा शाळेबरोबर वसतिगृह काढलं. पोरगं हुशार आहे की नाही हा नंतरचा प्रश्न. रात्री पाठ टेकायला जागा नसेल तर ते शाळेत येणारच नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

म्युनिकचं पुतण्याने जरा शिस्तीत केलं. जर्मनीत व्हिसासाठी वर्षभराचा खर्च बंद खात्यात आधीच ठेवावा लागतो. त्याच्या वेळी ११,२०८ युरो होते, २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४. दर महिन्याला त्यातला बारावा हिस्सा सुटतो, आता तो ९९२ युरो. म्युनिक हे जर्मनीतलं सगळ्यात महाग शहर, सामायिक घरातली एक खोली आठशे युरोंच्या घरात जाते. पण तिथं विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय पाहणारी स्वतंत्र सार्वजनिक संस्था प्रत्येक विद्यापीठगावात असते. आपली पोरं तिला स्टुडंटवेर्क म्हणतात. तिच्या खोल्या बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास पडतात. अडचण एवढीच की रांग सेमिस्टरांमध्ये मोजतात. प्रवेशाचं पत्र हाती पडलं त्याच दिवशी पुतण्याने अर्ज टाकला होता, तरी पहिलं सेमिस्टर बाहेरच काढावं लागलं.

मग मिळालं ते ऑलिंपिक नगरात. १९७२ च्या ऑलिंपिकच्या वेळी महिला खेळाडूंसाठी बांधलेली वसाहत पुढं विद्यार्थ्यांना दिली. आता एक हजाराहून जास्त छोटी छोटी दुमजली घरकुलं आहेत, एकेकाचं एकेक. खाली चूल आणि मोरी, वर पलंग आणि टेबल. आणि भिंत रंगवायची मुभा. आम्ही गेलो तेव्हा पुतण्याच्या शेजारच्या दारावर देवमासा होता. त्याच्या स्वतःच्या भिंतीवर त्याने पळसाची फुलं काढली होती, ती जर्मन पोरांना आगीच्या ज्वाळा वाटायची.

जर्मनीत खोली पाहताना दोन प्रश्न आधी विचारायचे. भाडं थंड की गरम? थंड म्हणजे नुसत्या जागेचं, गरम म्हणजे हीटर, पाणी, कचरा धरून. दोन्हींत शंभर-दोनशे युरोंचा फरक असतो. दुसरं, पत्त्याची नोंदणी करू देणार का? राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी मालकाची सही लागते. ते कागद नसले तर पुढं राहण्याचा परवानाही अडतो. सही न देणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. डिपॉझिट तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत मागता येतं, पण कायद्याने ते तीन हप्त्यांत भरायची सवलत आहे. बहुतेक पोरांना ही सवलत माहीत नसते आणि मालक आपणहून सांगत नाही.

आम्हाला मात्र म्युनिकमध्ये हॉटेल परवडेना. जुलै २०२४, युरो फुटबॉलचे सामने चालू. ते संपले की महिनाअखेर टेलर स्विफ्ट नावाच्या गायिकेचे कार्यक्रम. ऑक्टोबरफेस्ट आणि मोठ्या व्यापारी जत्रांच्या दिवसांतही तिथले दर असेच दुप्पट-तिप्पट होतात. तिकीट काढण्याआधी त्या शहरात त्या आठवड्यात काय आहे हे पाहावं, यात हॉटेल शोधण्यापेक्षा जास्त पैसे वाचतात. पुतण्या म्हणाला, "काका, ऑग्सबर्गले थांबा, लोकलनं पाऊण तास लागते." थांबलो. आणि युरोपात पाहिलेल्या सगळ्या गोष्टींत मला ऑग्सबर्गची फुगेराय वसाहत सगळ्यात जास्त आवडली, हे इथं मोकळेपणाने सांगतो.

फुगर हे मूळचे विणकर. त्यांचा पूर्वज १३६७ मध्ये खेड्यातून ऑग्सबर्गला आला. अळशीच्या धाग्यात कापूस घालून विणलेलं कापड हा त्या गावाचा धंदा. कापूस यायचा व्हेनिसमार्गे. म्हणजे आमच्याच मालावर मोठी झालेली मंडळी. पुढं याकोब फुगर राजेमहाराजांना कर्ज देण्याइतका श्रीमंत झाला आणि १५२१ मध्ये त्याने गरीब कामकऱ्यांसाठी वसाहत वसवली. ती आजही चालू आहे. सुमारे १४० घरं, पिवळ्या भिंती, हिरव्या झडपा. वर्षाचं भाडं एक ऱ्हाइन गुल्डन ठरलेलं. त्याचे आजचे ८८ सेंट होतात. हो, वर्षाचे. वीज आणि हीटरचे पैसे वेगळे. अट अशी की माणूस ऑग्सबर्गचा, कॅथलिक आणि गरजू हवा, आणि त्याने फुगर कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना म्हणाव्यात. रात्री दहाला फाटक बंद होतं. उशिरा येणाऱ्याने पहारेकऱ्याच्या हातावर थोडे सुटे पैसे ठेवायचे. संगीतकार मोझार्टचे पणजोबा गवंडी होते, तेही इथं राहून गेले. पाहायला येणाऱ्यांना जे तिकीट पडतं, ते तिथं राहणाऱ्याच्या वर्षाच्या भाड्याच्या कितीतरी पट आहे.

दारं सगळी सारखी, म्हणून घंटेच्या ओढणीची लोखंडी मूठ प्रत्येक दाराला वेगळ्या आकाराची. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा अंधारात हात लावून आपलं दार ओळखायचं. एकाला त्रिदळ पान होतं, एकाला सूचिपर्णीचं फळ. मी हात लावून पाहिलं तर आतून एक आजीबाई बाहेर आल्या. त्यांना वाटलं कोणी आलं. पुतण्याने माफी मागितली, त्या हसल्या आणि कुंडीला पाणी घालून आत गेल्या.

व्हिएन्नात तर अख्ख्या पालिकेनेच फुगरचं काम केलंय. पहिल्या महायुद्धानंतर घरं बांधायला घेतली ती आजवर. पालिकेच्या मालकीची दोन लाखांहून जास्त घरं आहेत. एकट्या कार्ल-मार्क्स-होफची लांबी किलोमीटरच्या वर भरते. ती घरं बाहेरच्या विद्यार्थ्याला सहजासहजी मिळत नाहीत, पण एवढी घरं बाजाराबाहेर असली की बाजारातलं भाडंही फार उड्या मारत नाही. पॅरिसला विद्यार्थ्यांसाठी १९२५ पासून आंतरराष्ट्रीय विद्यापीठनगर आहे. देशोदेशीची सुमारे चाळीस वसतिगृहं एका बागेत, त्यात भारताचंही 'मेझाँ द लँद' आहे. संशोधनाला जाणाऱ्याने तिथं अर्ज करायलाच हवा.

नुसतं फिरायला जाणाऱ्यांसाठीही नियम तोच. उन्हाळ्याच्या सुट्टीत लंडनची विद्यापीठं आपल्या होस्टेलच्या खोल्या पाहुण्यांना देतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या खोल्या तर नदीच्या अगदी जवळ. रोममध्ये जोगिणींचे मठ पाहुणे ठेवतात. खोली स्वच्छ, पण रात्री दार लवकर लागतं. युथ हॉस्टेलची कल्पना जर्मनीतल्या रिचर्ड शिरमान या शाळामास्तराची, १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं निघालं. आजही त्यांत कुटुंबासाठी वेगळी खोली मिळते. जिथं स्वयंपाकघर वापरू देतात ती जागा धरावी. आमच्या घरच्यांनी प्रेशर कुकर नेला होता, त्याची शिट्टी झाली की आजूबाजूचे दचकायचे, पण दोघांच्या दोन वेळच्या जेवणाचे पैसे वाचले. शेंगेन व्हिसाला राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, तेव्हा रद्द करता येईल असंच बुकिंग करावं आणि व्हिसा हाती आल्यावर पक्कं ठरवावं.

सध्या आमच्या तालुक्यातल्या वडकीकडचा एक मुलगा नेदरलँडला निघालाय. प्रवेश झालाय, बापाने सोसायटीचं कर्ज फेडून बँकेचं काढलंय. तिकडं खोल्यांची टंचाई अशी की विद्यापीठंच पत्रात लिहितात, जागेची सोय झाली नसेल तर येऊ नका. सामायिक घरात आधीचे राहणारे मुलाखत घेऊन नवा ठरवतात आणि काही जाहिरातीत परदेशी नको असं सरळ लिहिलेलं असतं. बाप म्हणतो, "गेल्यावर पाहून घेऊ, मंदिरात नाहीतर गुरुद्वाऱ्यात राहीन चार दिवस." मी त्याला सांगितलं, चार दिवसांचं ठीक, दहा महिन्यांचं काय? विद्यापीठाकडे राखीव खोल्या असतात, त्याचा अर्ज वेगळा असतो आणि शेवटची तारीखही वेगळी. मुलाने तो भरलाय, उत्तर जूनअखेर येईल. नाही आलं तर प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का, ते विचारणारा मेलही काल त्याने माझ्या ओसरीवर बसून पाठवला. विमानाचं तिकीट अजून काढलेलं नाही.